चाक कुठं बघतंय

माझी बायको द्वारका हिला गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा नाही. पण शहापूर-मुरबाड रस्त्यावरची कुठलीही गाडी नुसती मागून बघून ती सरळ चालते की तिरकी, हे ती सांगायची. तिचं चुकलेलं मी फार कमी वेळा बघितलं. एकदा मोठं चुकलं, तेही सांगणार आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. ती भातकापणीच्या सुमाराला गेली आणि तेव्हापासून माणसं येतात, ओटीवर बसतात आणि म्हणतात, मामी फार प्रेमळ होत्या, कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत. हे ऐकून मला राग येतो. ती सगळ्यांना उलट बोलायची. ड्रायव्हर तिला घाबरायचे, मीही घाबरायचो. मेल्यावर माणसं तिची कुणी दुसरीच बाई करून टाकायला लागली, म्हणून मी लिहायला बसलो.

किन्हवलीच्या अलीकडं रस्त्याला लागून आमचं गॅरेज होतं. सागाचे चार खांब, वर पत्रे, मागं घर. काळी-पिवळी जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, लग्नसराईत नवरदेवाच्या गाड्या, असं काय येईल ते काम. आम्ही दोघंही सुतारांच्या घरातली. मी लाकूड सोडून लोखंड धरलं. तिचा बाप डोळखांबला बैलगाडीची चाकं करायचा आणि शेवटपर्यंत तेच करत राहिला. त्याला मुलगा नव्हता, म्हणून द्वारकाच त्याच्या हाताखाली असायची. चाकाचे आरे धरायचे, मधला तुंबा फिरवायचा, चाक फिरत असताना एक डोळा मिटून बघायचं आणि कुठं हलतं ते सांगायचं. लग्न होऊन माझ्याकडं आली तेव्हा चूल, पाणी, शेतातलं थोडं काम, एवढंच ती करत होती. गॅरेजात भाकरी आणून द्यायची आणि उभी राहायची. मला वाटायचं, डबा परत न्यायला उभी आहे.

एकदा एक जीप काम करून बाहेर पडत होती. ब्रेकचं काम होतं, झालं होतं, ड्रायव्हर खूश होता. द्वारका रस्त्यावर उभी राहून पाठीमागून बघत होती. म्हणाली, "अवो, त्या जीपचं पुढचं शहापूरला चाललंय आन् पाठचं मुरबाडला."

ड्रायव्हर हसला. मीही हसलो. ती हसली नाही. डबा उचलून घरात गेली. दोन-चार दिवसांनी तीच जीप खेचून आणली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधला बोल्ट तुटला होता आणि अख्खा एक्सल एका बाजूनं मागं सरकला होता. गाडी खेकड्यासारखी चालत होती, आणि ड्रायव्हरला वाटत होतं की रस्ताच तसा आहे. मी घरात जाऊन तिला विचारलं, तुला कसं कळलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डोळे हायेत ना."

मग ती गॅरेजात यायला लागली. मी बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर कदाचित आलीही नसती.

पहिली तिनं माझी जमीन काढली. गॅरेजात मी चांगला सिमेंटचा कोबा घातला होता, मला त्याचा अभिमान होता. तिनं पाण्याचा हंडा आणला आणि मधोमध ओतला. सगळं पाणी विहिरीच्या कोपऱ्याकडं पळालं. "जमीनच वाकडी," म्हणाली, "आन् हिच्यावर उभी करून तुमी गाड्या सरळ करताय." मी म्हटलं, गाडी रस्त्यावर चालते, रस्ता कुठं सपाट आहे. तर म्हणाली, रस्ता वाकडा असू दे, पण माप वाकड्यावर घेतलं तर ते मापच नाही. मी कोबा फोडला. त्या दिवसांत जे ड्रायव्हर गाडी घेऊन आले, त्यांच्या हातात तिनं घमेली दिली. गाडी लवकर पाहिजे ना, मग उचला, असं तोंडावर सांगितलं. एका ड्रायव्हरनं विचारलं की मामी, मी पॅसेंजर सोडून आलोय, मी कशाला वाळू वाहू. तिनं त्याला सांगितलं की पॅसेंजरलाही बोलाव.

नवा कोबा झाल्यावर पुन्हा पाणी ओतलं. ते जागच्या जागी पसरलं आणि थांबलं. ती उकिडवी बसून किती तरी वेळ त्या पाण्याकडं बघत होती. देवळात बघतात तसं.

मग तिची दोरी आली. सुतार लाकडावर रेघ मारतात ती दोरी. गेरूच्या पाण्यात भिजवायची, गाडीच्या दोन्ही बाजूंनी ताणायची, मधून उचलून सोडायची की जमिनीवर लाल रेघ. त्या रेघांवरून ती पुढच्या चाकांचं तोंड मापायची. आम्ही गॅरेजवाले म्हणतो चाक आत आहे, चाक बाहेर आहे. ती म्हणायची चाक बघतं. "हे चाक पुढं बघतंय आन् ते बघतंय त्या घराकडं. मग टायर खाणार नाय तर काय करणार." गाडी आली की बाकी कुणी काही विचारायच्या आधी ती विचारायची, चाक कुठं बघतंय ते बघा आधी. आमच्या कोंबड्या त्या ओल्या रेघांवरून चालायच्या आणि त्यांचे लाल पाय सगळ्या ओटीवर उठायचे. ती कोंबड्यांना शिव्या द्यायची, पण रेघ कधी पुसली नाही.

तिला हे सगळीकडंच दिसायचं, त्याला इलाज नव्हता. आमच्या लेकीला, शोभाला, बघायला पाहुणे आले होते. मुलगा शिकलेला, घर चांगलं. आत पोहे चालले होते आणि ही बाहेर दाराशी उभी राहून काढून ठेवलेल्या चपला बघत होती. मी खुणेनं आत बोलावलं तर आली आणि सगळ्यांसमोर मुलाला म्हणाली, "तुजा डावा गुडघा दुखतो काय रे? चप्पल एका अंगानं झिजलीय." मुलाची आई रागानं लाल झाली. मला वाटलं, मोडलं लग्न. मुलगा बशी खाली ठेवून म्हणाला, दुखतो, शाळेत असताना पडलो होतो, घरात कुणाला सांगितलं नाही. त्याच्या आईनं त्याच्याकडं बघितलं. द्वारका म्हणाली, मग तेल लावत जा, आणि पोह्यांवर खोबरं घालायला आत गेली. तो आमचा जावई झाला. अजून तिचं नाव काढून गुडघ्याला तेल लावतो.

पुढं शहापूरला कॉम्प्युटरवर चाकं लावायचं मशीन आलं. मला वाटलं, आता ही चिडणार. ती साडी बदलून मशीन बघायला गेली. तिथल्या माणसाला इतके प्रश्न विचारले की त्यानं तिला खुर्ची दिली. येऊन म्हणाली, मशीन चांगलं आहे, खोटं बोलत नाही, पण गाडी उभी असते तेवढंच त्याला दिसतं. हे ती एवढ्या ठामपणे बोलू शकली त्याला कारण होतं. उभ्या गाडीनं तिला स्वतःला त्याच्या आधी फसवलं होतं. ती गाडी कर्णिक साहेबांची.

कर्णिक साहेब इंजिनियर होते, रिटायर होऊन तानसाच्या बाजूला जागा घेऊन राहिले होते. त्यांच्याकडं जुनी इंग्लंडची गाडी होती. दोनच माणसं बसतील अशी, वरून उघडी, लांब नाक, हिरवा रंग. तरुणपणी ते ती शर्यतीत पळवायचे. तेव्हा वळणाला झुकू नये म्हणून त्यांनी स्वतःच स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली होती. विमानाच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथं काचेसारखी जमीन, तिथं ती गाडी सापासारखी पळायची. आमच्या रस्त्यावर आल्यावर ती वेडी झाली. सपाटीला सरळ, पण एक चाक खड्ड्यात गेलं की गाडी स्वतःहून बाजूला उडी मारायची. स्टेअरिंग साहेबांच्या हातात आणि गाडी भलतीकडं. दोनदा भाताच्या खाचरात गेली. दुसऱ्यांदा बैल लावून काढली, तेव्हा त्यांची मुलगी मुंबईहून आली होती. तिनं आमच्यासमोर सांगितलं, "बाबा, एकदाच. ही गाडी आता नीट झाली तर झाली. नाहीतर किल्ली माझ्याकडे."

मुलीचं म्हणणं चूक नव्हतं. पण साहेबांचे पाय गेले होते. काठी घेऊन दहा पावलं चालले की बसायचे. मुलगी गेल्यावर ते आमच्या बाकड्यावर बसले आणि द्वारकाला म्हणाले, "जमिनीवर मी म्हातारा आहे, द्वारकाबाई. गाडीत बसलो की कुणाला कळत नाही."

द्वारका त्यांना म्हणाली, "मग किल्ली नाय जाणार."

मला ते आवडलं नाही. मी कोपऱ्यात नेऊन म्हटलं, अगो, आपल्याकडं असली गाडी आयुष्यात आली नाही, शब्द कशाला देतेस. ती म्हणाली, दिला.

साहेबांनी गाडीचं जाड पुस्तक आणलं. ते आकडे वाचायचे, मी बोल्ट फिरवायचो, द्वारका दोरी मारायची. पुस्तकातल्यासारखी चाकं लावली. सपाटीला गाडी रेषेत. पहिल्या खड्ड्याला उडी. पुन्हा लावली, पुन्हा उडी.

तेव्हा द्वारकानं तिची चूक केली. गाडी खाली बसवल्यामुळं पुढच्या दोन्ही चाकांची डोकी आत कलली होती, दारू प्यालेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकतात तशी. तिला ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं. बैलगाडीचं चाक उलटं असतं, वरून बाहेर कललेलं. तिचा बाप आसाची टोकं मुद्दाम तशी करायचा, म्हणजे ओझं जिथं पडतं तो खालचा आरा उभा राहतो. हे तिनं लहानपणापासून हजारदा बघितलेलं. तिला वाटलं, रोग हाच. चाकाला धरणाऱ्या आर्मच्या बोल्टांखाली पातळ पट्ट्या असतात, त्या कमीजास्त करून तिनं चाकांची डोकी बाहेर काढली, अगदी बापाच्या गाडीसारखी. गाडी दिसायलाही बैलगाडीसारखी दिसायला लागली. साहेबांनी जरा मान हलवली, पण तिला अडवलं नाही. त्यांना तिच्यावर फार विश्वास बसला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

साहेबांनी गाडी गॅरेजातून बाहेर काढली. दाराशीच एक उंचवटा होता. गाडी त्याच्यावर चढली, वळली आणि आमचं पाण्याचं पिंप आडवं करून थांबली. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. पहिल्यापेक्षा वाईट झालं होतं.

द्वारका गाडीपासून लांब जाऊन उभी राहिली. मी तिला तशी कधी बघितली नव्हती. जेवली नाही. दुपारभर रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिली. समोरून पेंढ्याची बैलगाडी आली, ती येताना बघितली, जाताना बघितली, आणि लांब गेली तरी बघत होती. मग उठून आली आणि म्हणाली, "अवो, बैलगाडीला स्प्रिंग नाय."

मी म्हटलं, नाही, मग काय.

"मग तिचं चाक लावलं तिथंच राहतं. हिचं वरखाली होतंय. आपण उभ्या गाडीला मापतोय. उडी मारते तवा चाक कुठं हाये, ते कुणी बघितलंय?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा तिनं हे त्यांना सांगितलं. साहेब बाकड्यावरून ताडकन उठले, काठी विसरले. त्यांनी तिच्या गेरूनं जमिनीवर चित्र काढलं. चाकाला धरून ठेवणारा आर्म वरखाली झुलतो. स्टेअरिंगच्या पेटीतून चाकाला जाणारा दांडा, टाय रॉड, तोही झुलतो. दोघं बरोबरीनं झुलले पाहिजेत. गाडी खाली बसवली की दोघांची जोडी बिघडते, चाक वर जाताना दांडा त्याला ढकलतो. साहेब स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाले, हे मला तरुणपणीच कळायला हवं होतं, पण धावपट्टीवर चाक वर जातच नव्हतं.

द्वारका चित्राकडं बघत म्हणाली, म्हणजे दोन झोपाळे, एक आखूड दोरीचा, एक लांब, आणि दोघांवर बसलेल्यांनी हात धरलेत. साहेब म्हणाले, अगदी तसंच. तेवढ्यात तिचं पुढचं सुरू झालं होतं. किती ढकलतो ते बघायचं कसं?

ते तिनं कसं बघितलं ते मी नीट सांगतो, कारण त्या दिवशी मला माझ्या बायकोची खरी भीती वाटली. शिव्यांची वाटायची ती वेगळी.

तिनं मला एका बाजूची स्प्रिंग काढायला लावली, म्हणजे जॅक लावून चाक हवं तसं वरखाली करता येईल. मग टायर काढून तिथं आडवा लांब बांबू घट्ट बांधला, गाडीच्या नाकाच्याही पुढं जाणारा. बांबूच्या टोकाला खिळा. एक पत्रा घेतला, खाली रॉकेलचा बोळा पेटवून तो काजळीनं काळा केला आणि खिळ्यासमोर उभा केला, खिळा नुसता टेकेल एवढा. आणि मला म्हणाली, उचला हळूहळू.

मी जॅक चालवला. चाक वर जायला लागलं तसा खिळा काजळीतून रेघ ओढत वर जायला लागला. चाक सरळ राहिलं असतं तर रेघ उभी आली असती. बांबू लांब, त्यामुळं चाक केसभर वळलं तरी खिळा बोटभर सरकणार. रेघ वर गेली आणि वळली. चाक वरपर्यंत नेलं तेव्हा पत्र्यावर विळा उमटला होता. पांढरा, चमकणारा, पूर्ण विळा.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ज्या गाडीनं दोनदा त्यांना खाचरात टाकलं, तिच्या मनात काय होतं ते पत्र्यावर लिहून आलं होतं. मी चौथी शिकलेला, साहेब इंजिनियर, पण त्या वेळी आम्ही दोघं सारखेच तोंड उघडं टाकून बघत होतो. द्वारका म्हणाली, "आता भांडण समजलं. आता मिटवू."

मिटवणं म्हणजे स्टेअरिंगची पेटी जरा वर उचलायची, म्हणजे दांडा आर्मच्या जोडीला येईल. किती उचलायची ते साहेबांनी कागदावर काढलं, पण कापलेल्या स्प्रिंगांची उंची त्यांनाही पक्की माहीत नव्हती. तेव्हा करून बघणं हाच मार्ग. मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पेटीखाली घड्या घालायचो, पत्रा पुन्हा काळा करायचा, पुन्हा रेघ. पहिल्यांदा जास्त उचललं, विळा उलट्या बाजूला वळला. तेव्हा द्वारका हसली. म्हणाली, आता मधे कुठं तरी आहे, आता पळून कुठं जातंय. मग एक घडी कमी, अर्धी घडी जास्त. दोन्ही बाजूंना वेगळं, कारण जुन्या गाडीचे दोन्ही खांदे सारखे नव्हते. ती प्रत्येक रेघेपुढं एक डोळा मिटून बसायची. हात, नाक, कपाळ, सगळं काजळीनं काळं. साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावरही तिची बोटं उमटली होती आणि ते त्यांना आवडत होतं असं मला वाटलं.

शेवटी रेघ उभी आली. अगदी वरच्या टोकाला जरा मान वळवत होती, साहेब म्हणाले तेवढी सगळ्याच गाड्यांत असते. मी ॲल्युमिनियमची नीट पॅकिंग घासून बसवली, तिनं आपल्या हातानं चाकांची डोकी पुस्तकाप्रमाणं परत आत घेतली, दोरी मारली आणि चाकांचं तोंड लावलं. बापाची पद्धत तिनं आपल्या हातानं काढली.

साहेबांच्या मुलीला निरोप गेला. ती मुंबईहून आली. ती म्हणाली, बाबा एकटे चालवणार नाहीत, मी बसते शेजारी. तेव्हा द्वारकानं तिला हातानं अडवलं.

द्वारकाच्या बापाच्या घरात एक रीत होती. नवी चाकं लावली की पहिल्यांदा गाडी नदीतल्या धोंड्यांवरून काढायची आणि तेव्हा चाकं करणारा स्वतः गाडीवर बसायचा, घरचं माणूस घेऊन. दुसऱ्याचा जीव आधी घालायचा नाही. द्वारका लहानपणी बापाच्या मांडीवर बसून अशी कितीदा नदीतून गेली होती. तिनं साहेबांच्या मुलीला एवढंच सांगितलं, "हिचं काम मी केलंय. आधी मी बसणार. मग तुमी."

मी म्हटलं, मी बसतो. ती म्हणाली, गाडीत जागा दोघांची, आणि चाकांना कुणीतरी बघायला पाहिजे. मला तिनं पुढच्या ओढ्यावरच्या मोरीवर उभं राहायला सांगितलं. त्या मोरीपाशी रस्ता पावसानं खाऊन टाकलेला होता, खड्ड्याला लागून खड्डा, आणि बाजूला कठडा नव्हता, खाली ओढ्याचे दगड. ज्या गाडीनं आमच्या दाराशी पिंप पाडलं, ती तिथं वळली तर खाली. "वेगात येणार," म्हणाली. "डावं चाक वर जाईल तवा बघा. वळतंय का ते बघा. माज्याकडं बघू नका."

मी मोरीवर जाऊन उभा राहिलो. साहेबांची मुलगी माझ्या शेजारी उभी राहिली, तिनं पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. लांबून गाडीचा आवाज आला. मग दिसली. हिरवी, जमिनीला चिकटलेली, धुरळा मागं टाकत. वेग कमी होत नव्हता. मला वाटलं, साहेब विसरले, पुढं मोरी आहे.

खड्डे सुरू झाले तेव्हा साहेबांनी स्टेअरिंग सोडलं. दोन्ही हात वर घेतले, खांद्याच्याही वर. ते तिनंच सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं. साहेबांची मुलगी "बाबा" म्हणाली. गाडीची पुढची दोन्ही चाकं खड्ड्यांत नाचत होती, गाडीचं नाक उसळत होतं, आणि म्हाताऱ्या माणसाचे हात हवेत होते. शेजारी माझी बायको. पदर दातांत धरलेला, दोन्ही हात मांडीवर, कशालाही न धरता बसलेली. तशी ती लग्नातही बसली नव्हती. गाडी आमच्यासमोरून रेघेसारखी निघून गेली.

पुढं जाऊन ते वळून परत आले. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्यानं असेल. मुलगी धावत गेली, आधी बापाला बोलली, मग गाडीच्या दारावर हात ठेवून उभी राहिली. द्वारकानं गाडीतूनच मला विचारलं, "डावं चाक वर गेलं तवा कुठं बघत होतं?"

मी चाक बघितलंच नव्हतं.

तिला खोटं सांगून उपयोग नव्हता, तिला कळायचं. मी म्हटलं, बघायचं राहिलं.

"मग काय बघत होतात?"

साहेबांची मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी आता चाकाकडं बघत उभा राहिलो. द्वारका जरा वेळ माझ्याकडं बघत राहिली. तिच्या कपाळावर अजून काजळी होती. मग तिनं पदर पुन्हा दातांत धरला आणि साहेबांना सांगितलं, परत घ्या. यांनी चाकं बघितली नाहीत, म्हणजे काम झालं नाही. साहेब इतके हसले की त्यांना गिअर टाकता येईना.

गाडी पुन्हा लांब गेली आणि वळून आली. साहेबांचे हात पुन्हा वर गेले असतील, मी बघितलं नाही. ती कशी बसली होती ते बघितलं नाही. या वेळी मी खाली वाकून डावं चाकच बघितलं. ते खड्ड्यात पडलं, वर आलं, पुन्हा पडलं, पुन्हा वर आलं, आणि केसभरही वळलं नाही. नक्की सांगता यावं म्हणून मी डोळ्यांची पापणी लवू दिली नाही.

मान वर केली तेव्हा गाडी निघून गेली होती. तिच्या अंबाड्यातून सुटलेले केस मागं उडताना तेवढे दिसले.